आदेश आधी की बैठक आधी?

स्वतःच्या घरी राहणे सुरक्षित उरलेले नाही अशा मुलाला न्यायालयाच्या किंवा वैधानिक समितीच्या आदेशाने काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याच्या व्यवस्थेला प्रतिपालकत्व म्हणतात. बोलण्यात तिला फॉस्टर केअर हेच नाव रुळले आहे. दत्तकविधानाने मुलाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते, प्रतिपालकत्वात ते शाबूत राहते, आणि परिस्थिती सुधारल्यावर मूल आपल्या घरी परत जावे हाच या व्यवस्थेचा पहिला हेतू असतो. मूल घराबाहेर पडत असताना किंवा नुकतेच पडले असताना त्याचे आईवडील, नातलग, शिक्षक, डॉक्टर, प्रतिपालक आणि शासकीय कार्यकर्ते यांना एकत्र बसवून पुढचा आराखडा ठरवण्याची पद्धत गेल्या साडेतीन दशकांत अनेक देशांत रुजली. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’ या नावाने तिला वैधानिक स्थान दिले. अमेरिकेत ॲनी ई. केसी प्रतिष्ठानाने १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘फॅमिली टू फॅमिली’ उपक्रमातून ‘टीम डिसिजनमेकिंग’ ही तिची दुसरी शाखा वाढली. आणि कॅलिफोर्निया राज्यात ‘चाइल्ड अँड फॅमिली टीम’ हे तिचे आजचे रूप आहे. येथे या सर्वांना मिळून नियोजन बैठक असे म्हटले आहे.

या बैठकीविषयी कायद्याच्या माणसांचे आणि समाजकार्याच्या माणसांचे मत सहसा जुळत नाही. पुढील संवादातील विधिज्ञ आणि कार्यकर्ती या विशिष्ट व्यक्ती नाहीत. एक न्यायालयात आणि समितीसमोर मुलांची बाजू मांडणाऱ्यांची भूमिका घेतो, दुसरी घरोघरी जाऊन गृहचौकशी करणाऱ्यांची. त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे, आणि तो मिटलेला नाही.

विधिज्ञ : ताई, मूल आईपासून वेगळे करणे हा शासनाच्या हातातील सर्वांत कठोर अधिकारांपैकी एक आहे, म्हणूनच तो पुराव्यावर, शपथेवरील साक्षीवर आणि उलटतपासणीवर उभा असला पाहिजे. बैठकीत शपथ नाही, उलटतपासणी नाही आणि अपीलही नाही. टेबलाभोवती बसलेल्या दहा माणसांच्या सहमतीला निर्णय म्हणायचे ठरले, तर उद्या मुलाचे बरेवाईट झाल्यावर जाब कुणाला विचारायचा?

कार्यकर्ती : जाब न्यायालयाला आणि खात्यालाच विचारायचा, वकीलसाहेब, त्यांची जबाबदारी कुणी काढून घेत नाही. प्रश्न आहे तो न्यायालयासमोर काय येते याचा. कॅलिफोर्नियात मूल ताब्यात घेतल्यावर सुट्या वगळून ४८ तासांत अर्ज दाखल करावा लागतो आणि त्यानंतरच्या न्यायालयीन दिवशी पहिली सुनावणी होते. ही घाई आई आणि मूल या दोघांच्या रक्षणासाठीच आहे. पण एवढ्या वेळात न्यायाधीशांच्या हाती पडतो तो प्रामुख्याने एका अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल. मुलाचा मामा कुठे राहतो, तो त्याला ठेवून घ्यायला तयार आहे का, आईने व्यसन सोडण्यासाठी आधी काय धडपड केली, हे त्यात यायचे तर ते विचारायला कुणीतरी बसले पाहिजे. केसी प्रतिष्ठानाच्या पद्धतीत म्हणूनच असा दंडक आहे की बैठक मूल हलवण्यापूर्वी घ्यावी, तातडीने हलवावे लागलेच तर पहिल्या सुनावणीपूर्वी घ्यावी, आणि ती चालवणारा प्रशिक्षित सूत्रसंचालक त्या कुटुंबाचे प्रकरण हाताळणारा अधिकारी नसावा.

बैठकीचे प्रत्यक्ष रूप अगदी साधे असते. भिंतीवर मोठे कागद लावलेले असतात आणि सूत्रसंचालक सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात लिहीत जातो : या घरात काय नीट चालले आहे, कशाची काळजी वाटते, कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. नीट चाललेल्या गोष्टींपासून सुरुवात करण्याला व्यावहारिक अर्थ आहे, कारण ज्या घरात मावशी आठवड्यातले तीन दिवस मुलाला सांभाळते त्या घरात सुरक्षिततेचा एक आधार आधीच उभा असतो आणि आराखडा त्याच्यावरच रचता येतो. मूल नव्या घरी गेल्यावर काही दिवसांतच जन्मदाती आई आणि प्रतिपालक यांची वेगळी छोटी भेट घडवण्याचीही रीत आहे. तिला ‘आइसब्रेकर’ म्हणतात. तिथे आरोपांचा विषय काढायचा नसतो, बोलायचे ते फक्त मुलाविषयी : दम्याचा पंप दप्तराच्या कोणत्या कप्प्यात असतो, दिवा मालवल्यावर ते का रडते, अंडे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते का, धाकट्या बहिणीशी बोलल्याशिवाय ते झोपते का. सरकारी फायलीत या गोष्टी सहसा नसतात, आणि परक्या घरातल्या पहिल्या रात्री लागतात त्या याच.

विधिज्ञ : आई आणि प्रतिपालकांच्या अशा भेटीला कुणाचाच विरोध असणार नाही. विरोध आहे तो पहिल्या बैठकीच्या रचनेला. एका बाजूला खात्याचे अधिकारी, त्यांचे पर्यवेक्षक, समुपदेशक, शाळेचे प्रतिनिधी, आणि दुसऱ्या बाजूला कालच मूल गमावलेली, बहुधा गरीब, बहुधा एकटी आई. तिने मोकळेपणाने दारूची किंवा अमली पदार्थांची कबुली दिली, तर ती कबुली अहवालात जाते आणि पुढे तिच्याच विरोधात उभी राहते. तिने तोंड मिटून घेतले, तर सहकार्य करत नाही अशी नोंद होते. आणि नवऱ्याच्या मारहाणीमुळे मूल घराबाहेर पडले असेल, तर त्याच नवऱ्यासमोर तिने काय बोलावे अशी अपेक्षा आहे?

कार्यकर्ती : मारहाण असेल तिथे दोघांना एका टेबलाशी बसवणे ही चूकच आहे, आणि जाणते सूत्रसंचालक तशा कुटुंबात दोन वेगळ्या बैठका घेतात. कबुलीविषयीचा आक्षेप अधिक अवघड आहे. तेथे निदान एवढे झालेच पाहिजे की बोलण्यापूर्वीच आईला तिच्या भाषेत सांगितले जावे, कोणती गोष्ट न्यायालयात जाईल, कोणती या खोलीत राहील, आणि मुलाला धोका असल्याचे कळले तर ते कळवण्याचे बंधन खोलीतल्या कुणाकुणावर आहे. तिला हवी ती माणसे, वकीलसुद्धा, सोबत आणता आली पाहिजेत. मात्र बैठक नाही म्हणून त्या आईची ताकद वाढते असे नव्हे. बैठक नसेल तर तेच अधिकारी तिच्या पाठीमागे बोलतात, एवढेच.

या आक्षेपाला सर्वांत धाडसी उत्तर दिले ते न्यूझीलंडने. तेथील माओरी समाजाची मुले सरकारी संस्थांमध्ये आणि परक्या घरांत मोठ्या संख्येने जात होती, आणि माओरी जीवनात मुलावर केवळ आईबापांचा नव्हे तर विस्तारित कुटुंबाचा, कुळाचा आणि जमातीचाही हक्क व जबाबदारी असते ही गोष्ट जुन्या कायद्याच्या खिजगणतीतही नव्हती. जॉन रांगीहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने १९८० च्या दशकात समाजकल्याण खात्याच्या या वृत्तीवर कठोर टीका केली, आणि १९८९ च्या कायद्याने ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’ म्हणजे कौटुंबिक परिषदेच्या रूपाने बैठकीची रचनाच बदलून टाकली. प्रथम अधिकारी आपली माहिती आणि चिंता सर्वांसमोर मांडतात. मग सर्व व्यावसायिक मंडळी खोलीबाहेर जातात आणि कुटुंब एकटे बसून चर्चा करते. अखेरीस अधिकारी परत येतात आणि कुटुंबाने केलेला आराखडा मान्य होण्याजोगा आहे की नाही ते ठरते, सहमती न झाल्यास प्रकरण कौटुंबिक न्यायालयात जाऊ शकते. मधला टप्पा हा या पद्धतीचा प्राण आहे. ज्या कुटुंबाविषयी इतकी वर्षे फक्त लिहिले गेले, त्याला तेवढ्यापुरते स्वतःच्या मुलाविषयी आपसांत बोलण्याची जागा मिळते.

विधिज्ञ : आणि तरीही त्याच देशात वायतांगी न्यायाधिकरणाला, म्हणजे माओरी लोकांबरोबर झालेल्या १८४० च्या कराराचा भंग झाल्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाला, २०२१ मध्ये बालसंरक्षण खात्याविरुद्ध अहवाल द्यावा लागला. शासनाच्या ताब्यातील मुलांमध्ये माओरी मुलांचे प्रमाण तेव्हाही निम्म्याहून खूप अधिक होते. कायद्याच्या पुस्तकात परिषद तीस वर्षे होती. स्वीडनमधील २००४ सालच्या अभ्यासात तर परिषद झालेल्या मुलांविषयी पुढील तीन वर्षांत पुन्हा तक्रारी येण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक आढळले. बैठकीने मूल सुरक्षित होते असे म्हणण्याला मग आधार काय?

कार्यकर्ती : तक्रारी वाढल्या याचा एक अर्थ असाही असू शकतो की अधिक नातलगांचे लक्ष त्या मुलाकडे होते, पण तो बचाव म्हणून पुढे करणे योग्य नाही, कारण तो सिद्ध झालेला नाही. इंग्लंडमधील पुरावा मात्र बाजूला सारता येणार नाही. प्रकरण न्यायालयात जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या कुटुंबांचे तेथे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निवडीत कुणाचाही कल येऊ न देता, दोन गट केले आणि एका गटाला परिषदेसाठी पाठवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात परिषदेकडे पाठवलेल्या गटातील ५९ टक्के मुलांची प्रकरणे न्यायालयात गेली, दुसऱ्या गटातील ७२ टक्के. आणि शासनाच्या ताब्यात गेलेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ३६ आणि ४५ टक्के राहिले. या आकड्यांतला महत्त्वाचा शब्द आहे उंबरठा. ही परिषद न्यायालयात जाण्याआधी झाली. न्यूझीलंडमध्ये २०१९ साली हॉक्स बे भागातील रुग्णालयातून एक नवजात बाळ ताब्यात घेण्याचा जो प्रयत्न झाला आणि ज्यावर देशभर संताप उसळला, तेथे कुटुंबाला न कळवता एकतर्फी अंतरिम आदेश आधीच मिळवलेला होता.

विधिज्ञ : हे मान्य करण्याजोगे आहे, आणि अमेरिकेतील व्यवहारालाही ते लागू पडते. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार मूल प्रतिपालकत्वात आल्यापासून ६० दिवसांत पहिली बैठक झाली की कायद्याची पूर्तता होते. दोन महिन्यांत मुलाचे घर दोनदा बदललेले असू शकते, शाळा सुटलेली असू शकते. १९९७ च्या संघीय कायद्याने मूल बाहेर पडल्यापासून साधारण १२ महिन्यांत त्याच्या कायमच्या ठिकाणाविषयी सुनावणी बंधनकारक केली आहे, आणि मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल बाहेर राहिले तर, काही अपवाद सोडून, आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज करणे खात्याला भाग आहे. त्या आईच्या दृष्टीने पहिले ६० दिवस ही फार मोठी मुदत आहे. मग एवढे तरी ठरवू या की मूल घरी सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न टेबलावर ठेवायचाच नाही. तो न्यायालयाने सोडवावा, आणि बैठकीने शाळा, भेटी, औषधे, भावंडे एवढेच पाहावे.

कार्यकर्ती : ही विभागणी कागदावर नेटकी दिसते, पण सुरक्षितता ही घराची कायमची अवस्था नसते, वकीलसाहेब. बाप घराबाहेर राहणार असेल, आजी मुक्कामाला येणार असेल, शेजारीण रोज संध्याकाळी डोकावणार असेल, तर आज असुरक्षित असलेले तेच घर उद्या सुरक्षित होऊ शकते. आजी येणार का, हे आजीलाच विचारावे लागते. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यानुसार मूल हलवल्यावर ३० दिवसांत त्याच्या सज्ञान नातलगांना शोधून कळवावे लागते. बैठकीचे निमंत्रण हीच त्या शोधाची सर्वांत सरळ वाट आहे. न्यायालयाने हो किंवा नाही जरूर म्हणावे, पण ते ज्या शक्यतांमधून निवडते त्या शक्यता खोलीत बसलेली माणसे निर्माण करतात.

या वादात कार्यकर्तीचे हे उत्तर निर्णायक मानले पाहिजे. विधिज्ञाची काळजी जबाबदारीविषयी आहे आणि ती रास्त आहे; परंतु अंतिम शब्द न्यायालयाचा ठेवणे आणि तो उच्चारला जाण्यापूर्वी कुटुंबाला खोलीबाहेर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीचा आधार देता येत नाही. आदेश झाल्यावर घेतलेली बैठक कितीही सौजन्याने चालवली तरी तिच्यात आईला ऐकून घेण्याखेरीज काही काम उरत नाही.

मुलाने स्वतः बैठकीत बसावे का, या प्रश्नावर दोघांत अंतर होते तेवढे राहिले नाही. सात वर्षांच्या मुलासमोर त्याच्या आईच्या चुकांची यादी वाचली जाणे क्रूर आहे, हे विधिज्ञाचे म्हणणे कार्यकर्तीला मान्य होते. तेवढा भाग मुलाला बाहेर ठेवून उरकता येतो, आणि त्याचे म्हणणे आधी भेटून, चित्रांतून किंवा पत्रातून बैठकीत आणता येते, हे तिचे म्हणणे विधिज्ञाला मान्य झाले. मोठ्या मुलांबाबत अमेरिकेने २०१४ मध्ये स्पष्ट तरतूद केली : १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आपल्या नियोजन गटात स्वतःच्या पसंतीच्या दोन व्यक्ती घेता येतात, त्या व्यक्ती त्याचे प्रतिपालक किंवा त्याचे प्रकरण हाताळणारे अधिकारी असता कामा नयेत, आणि त्या मुलाच्या हिताविरुद्ध वागतील असे मानण्यास सबळ कारण असेल तरच खात्याला त्यांना नाकारता येते. मग एखादी मुलगी आपली फुटबॉलची प्रशिक्षक आणते, एखादा मुलगा जुन्या शेजारणीला आणतो.

महाराष्ट्राचा विषय निघाल्यावर विधिज्ञाचा आवाज पुन्हा चढला.

विधिज्ञ : हे सगळे आपल्याकडे आणायचे म्हणता, पण आपल्याकडे कुटुंब एकत्र बसवणे म्हणजे भावकी एकत्र बसवणे. कोरोनात आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली, केंद्राची दहा लाखांची तरतूद वेगळी. ज्या चुलत्याने एरवी कधी विचारपूस केली नाही त्यालाही अशा वेळी पुतण्याचा कळवळा येऊ शकतो, आणि सातबाऱ्यावर मुलाच्या बापाचे नाव असेल तर अधिकच. गावात चार माणसांसमोर मुलीवरच्या अत्याचाराची वाच्यता झाली तर तिचे शिक्षण आणि लग्न दोन्ही त्या गावात अडते. बालगृहाच्या चार भिंती निदान गुप्तता तरी राखतात.

कार्यकर्ती : अत्याचाराच्या प्रकरणात गावातली बैठक घेऊच नये, तेथे मूल, त्याचा विश्वासू माणूस आणि समिती एवढेच पुरे. पण चुलत्याचा हेतू कळणार कसा? त्याच्या एकट्याच्या घरी जाऊन गृहचौकशी केली तर तो सांगेल तेच अहवालात येईल. मामा, आजी, आत्या, अंगणवाडी सेविका आणि वर्गशिक्षक यांच्यासमोर त्याला बसवले, तर जमिनीचा विषय कुणी ना कुणी काढणारच. आपल्या कायद्यात जागा आहे, साहेब, वापर नाही.

ही जागा कोणती ते पाहण्याजोगे आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली ही समिती चौकशीचा आदेश देते, सामाजिक तपासणी म्हणजे गृहचौकशी १५ दिवसांत पूर्ण व्हावी लागते, आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश होणे अपेक्षित असते. मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे तत्त्व, कुटुंबाच्या प्राथमिक जबाबदारीचे तत्त्व आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानण्याचे तत्त्व, ही तिन्ही याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहेत. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे आणि जन्मदात्यांना प्रतिपालक घरातील मुलाला भेटता यावे, हेही कायदा सांगतो. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक संगोपन आराखडा विहित नमुन्यात भरावा लागतो. या वाटेवर मुलाशी संबंधित सर्व माणसे एकाच वेळी एका खोलीत यावीत असे बंधन मात्र कुठेही नाही, आणि म्हणून आराखडा एका टेबलावर, एका अधिकाऱ्याच्या हातून भरला जाऊ शकतो.

विधिज्ञ : ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना पंधरा दिवसांत कसे बोलावणार? दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेले कुटुंब कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत परतत नाही. मुकादमाची उचल अंगावर असताना बैठकीसाठी खाडा करणे त्यांना परवडेल का?

कार्यकर्ती : त्यांचे येणेजाणे आणि बुडालेली मजुरी शासनाने द्यावी, आणि तेही शक्य नसेल तर फडावर फोन लावून त्यांना बैठकीत घ्यावे. ज्या आजीकडे मूल राहते तिला बोलावणे तर अवघड नाही. नातलगांकडे राहणाऱ्या गरजू मुलांसाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. आजीला ते ठाऊक आहे का, अर्ज कुणी भरायचा, बँकेत खाते कुणी उघडायचे, हे त्याच बैठकीत ठरवता येते. नाहीतर केवळ हे कुणी सांगितले नाही म्हणून मूल बालगृहात जाते.

विधिज्ञ : अंतिम आदेश समितीचाच राहील, बैठकीचे इतिवृत्त लेखी होईल, हिंसाचार आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणे वेगळी ठेवली जातील आणि कबुलीचा वापर आईविरुद्ध होणार नाही, एवढ्या चार गोष्टी पाळणार असाल तर या बैठकीला हरकत घेण्याचे कारण उरत नाही. कबुलीची अट सर्वांत कठीण आहे, हेही सांगून ठेवले पाहिजे.

कार्यकर्ती : कठीण आहे, आणि ती पाळता येईपर्यंत आईला ते स्पष्ट सांगणे हे बैठक घेणाऱ्याचे पहिले काम आहे.

राज्यातील बाल कल्याण समित्यांनी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांनी गृहचौकशीच्या पंधरा दिवसांतच, मुलाला बालगृहात किंवा प्रतिपालक घरी पाठवण्याचा अंतिम आदेश काढण्यापूर्वी, अशी एक बैठक घ्यावी, मुलाने ज्यांची नावे घेतली आहेत त्यांना तिचे निमंत्रण द्यावे आणि तिचे इतिवृत्त संगोपन आराखड्याला जोडावे. त्यासाठी कायद्यात एका शब्दाचीही दुरुस्ती लागत नाही.